वर्ध्यात खोल्या बांधाव्यात का? आधी या शहरात पैसा कुठून येतो ते पाहा

आपला प्रश्न असा की, देवळीजवळची दोन एकर कोरडवाहू शेती विकून वर्ध्यात विद्यार्थ्यांसाठी भाड्याच्या खोल्या बांधाव्यात का, आणि विद्यापीठामुळे हे शहर पुढे वाढेल का. शहर वाढेल असे मलाही वाटते. मात्र ते विद्यार्थ्यांच्या घरभाड्यावर वाढेल, हे गृहीतक मला मान्य नाही.

२०११ च्या जनगणनेत वर्धा शहराची लोकसंख्या लाखाच्या थोडी वर होती. एवढ्याशा शहराला १९९७ मध्ये स्थापन झालेले केंद्रीय हिंदी विद्यापीठ, सेवाग्रामचे १९६९ पासूनचे वैद्यकीय महाविद्यालय आणि सावंगीचे अभिमत विद्यापीठ लाभले आहे. यातील हिंदी विद्यापीठाचा बाजारपेठेवरचा परिणाम लोक समजतात त्यापेक्षा कमी आहे, कारण उत्तर भारतातून येणारे बरेच विद्यार्थी परिसरातील वसतिगृहांतच राहतात आणि त्यांचा हातखर्चही बेताचा असतो. खरा टिकाऊ पैसा दोन वाटांनी येतो: या संस्थांतील कर्मचाऱ्यांचे दरमहा पगार, आणि सेवाग्राम व सावंगीच्या रुग्णालयांत यवतमाळ, चंद्रपूर, अमरावतीकडून येणारे रुग्ण व त्यांचे नातेवाईक. परीक्षा संपली की विद्यार्थी गावी जातो. रुग्णालयाला उन्हाळी सुट्टी नसते. त्यामुळे खानावळी, औषधांची दुकाने, तपासणी केंद्रे आणि आठ-पंधरा दिवसांसाठी मिळणाऱ्या स्वच्छ खोल्या बाराही महिने चालतात.

हे मी पदरमोड करून शिकलो आहे. महाविद्यालयीन मुलांसाठी बांधलेल्या माझ्या सहा खोल्या मार्च २०२० मध्ये एका आठवड्यात रिकाम्या झाल्या, आणि बँकेचा हप्ता मात्र थांबला नाही. पुढे त्यातील चार खोल्यांत स्वयंपाकाची सोय करून त्या रुग्णांच्या नातेवाइकांना देऊ लागलो, तेव्हा कुठे हिशेब जुळला.

दळणवळण ही वर्ध्याची जुनी मिळकत आहे. मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग वर्धा–सेवाग्राम येथे एकत्र येतात. नियोजित वर्धा–यवतमाळ–नांदेड मार्गापैकी कळंबपर्यंतचा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. समृद्धी महामार्गही जिल्ह्यातून जातो. परंतु रस्ता माल आणतो तसाच नेतोही. नागपूर पाऊणशे किलोमीटरवर असल्यामुळे मोठी खरेदी तिकडे सरकते, आणि इंजिनिअर झालेली आपली मुले पुण्याला जातात. (जिल्ह्यात दारूबंदी असल्याने बारच्या जोरावर हॉटेल चालवण्याचा बेतही येथे कोणी करू नये.)

माझ्या मते शहराची सर्वांत मोठी उणीव, आणि म्हणूनच सर्वांत मोठी संधी, कापसात आहे. शंभर किलो कापसातून साधारण चौतीस किलो रुई निघते, बाकी बहुतांश सरकी असते. जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, रुईच्या गाठी बांधून त्या बाहेर पाठवल्या की सूत, कापड आणि शिलाईचा नफा परगावी जातो. ज्या गावात जमनालाल बजाजांनी खादीला आश्रय दिला आणि जिथे १९३८ पासून खादी-ग्रामोद्योगांचे मगन संग्रहालय उभे आहे, तिथे हे घडावे याची मला खंत वाटते. ग्रामीण औद्योगिकीकरणावर काम करणारी महात्मा गांधींच्या नावाची राष्ट्रीय संस्थाही याच शहरात आहे. तिच्याकडचे तंत्र आणि शेतकऱ्याचा माल यांची गाठ पडली, तर सरकीचे तेल, पेंड किंवा भौगोलिक मानांकन मिळालेली वायगाव हळद यांवर लहान उद्योग उभे राहू शकतात.

तेव्हा शेती सबंध विकू नका. एक एकर ठेवा, सावंगी किंवा सेवाग्रामच्या रुग्णालयापासून चालत जाता येईल असा लहान भूखंड पाहा, चारच खोल्या बांधा आणि प्रत्येकीत ओटा व नळ द्या. जागेचा सातबारा आणि तिच्या अकृषक वापराची स्थिती तपासल्याशिवाय मात्र इसार देऊ नका.