कुत्र्याच्या रोजच्या कोरड्या खाण्यात घरचं ताजं अन्न किती आणि कसं मिसळावं?

तुम्ही इंदूरहून लिहिलंय की कुत्रा देशी, दोन वर्षांचा, १२ किलोचा, नसबंदी झालेला. दोन्ही वेळा पाकिटातलं कोरडं खाणं खातो. तुम्हाला त्यात काहीतरी ताजं घालायचंय, आणि सासूबाईंचं म्हणणं, 'उरलेली पोळी-आमटी काय वाईट?'

आधी आमटीचंच बघू, कारण खरी गफलत तिथेच होते. ताजं अन्न म्हणजे आपल्या ताटातलं अन्न नव्हे. कांदा-लसणातले गंधकयुक्त घटक कुत्र्याच्या लाल रक्तपेशी फोडतात, आणि शिजवून, तळून किंवा वाळवूनही ते जात नाहीत. किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तात बदल दिसू लागतात. म्हणजे एखाद्या दिवशी आमटी चाटली तर घाबरू नका, पण रोज थोडी थोडी दिली तर परिणाम साचत जातो. दुसरी गोष्ट चिंच. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात, ते त्यातल्या टार्टारिक आम्लामुळे असावं असं अलीकडे मानलं जातं, आणि चिंचेत हे आम्ल भरपूर असतं. तेव्हा चिंचेची आमटी आणि बेदाणे घातलेला शिरा बाद. जायफळही कुत्र्याला चालत नाही, म्हणून जायफळाचं श्रीखंडही बाद. कांदा, शेव आणि जीरावन (इंदुरी मसाला) घातलेले आपले सकाळचे पोहेही बाद, त्यानं कितीही आशाळभूतपणे बघितलं तरी.

साधी पोळी विषारी नाही, पण ती हिशेबात बसत नाही. हिशेब असा: वजनाचा ०.७५ वा घात काढून त्याला ७० नं गुणायचं. १२ किलोला साधारण ४५० येतात. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी ते १.६ नं गुणले की दिवसाच्या सुमारे ७२० कॅलरी. यातला दहावा हिस्सा, म्हणजे ७० कॅलरी, बाहेरच्या खाण्याला देता येतो. पाकिटावर 'कम्प्लीट अँड बॅलन्स्ड' लिहिलेलं असेल तर उरलेल्या नव्वद टक्क्यांतून कॅल्शियम, जस्त, जीवनसत्त्वं पुरेशी मिळत राहतात. त्यापलीकडे गेलात की तो तोल ढळू लागतो. बिस्किटं आणि दाताखाली चघळायच्या कांड्याही याच सत्तरात धरायच्या, हे बहुतेक जण विसरतात.

सत्तर कॅलरी म्हणजे एक उकडलेलं अंडं, किंवा कातडं काढून उकडलेलं ४० ते ४५ ग्रॅम बोनलेस चिकन, किंवा २५ ग्रॅम बिनमिठाचं पनीर, किंवा अर्धी वाटी दही. मध्यम पोळी तूप न लावताही शंभराच्या आसपास जाते. म्हणजे कोटा संपून वर उधारी. आणि हे सगळं 'वरून' द्यायचं नाही. कोरड्या खाण्यात १०० ग्रॅमला ३५० ते ४०० कॅलरी असतात, तेव्हा त्यातून रोज २० ग्रॅम कमी करायचं. प्लास्टिकच्या मापावर विसंबू नका, स्वयंपाकघरातला काटा वापरा.

आठवड्याचं एकदम करून ठेवायला ३०० ग्रॅम बोनलेस चिकन, १५० ग्रॅम लाल भोपळा (मंडीत 'कद्दू' मागा) आणि ५० ग्रॅम गाजर घ्या. एक कप पाणी घालून कुकरच्या तीन शिट्ट्या करा. मीठ नाही, तेल नाही, फोडणी तर नाहीच. गार झालं की पाण्यासकट घोटून सात भाग करा. तीन फ्रिजमध्ये ठेवा, चार फ्रीझरमध्ये. रोजच्या वाट्याला साठेक कॅलरी येतात, म्हणजे एखाद्या बिस्किटाची जागा उरते. भोपळ्याऐवजी दुधी किंवा गिलकी (घोसाळं) चालेल, पण दुधीचा तुकडा आधी स्वतः चाखून बघा आणि कडू लागला तर अख्खा टाका. हाड मुळीच नको. शिजलेलं हाड फुटून टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात.

पहिल्या दिवसापासून पूर्ण वाटा देऊ नका. दोन दिवस चमचाभर, मग अर्धा वाटा, आठवड्यानंतर पूर्ण. यापुढचा नवा पदार्थ एका वेळी एकच, आणि दुसरा आणण्याआधी चार दिवस थांबायचं. नाहीतर जुलाब लागले किंवा अंग खाजवू लागला तर दोष कोणाचा ते कळणारच नाही. ताजं वरती ठेवू नका, कोमट करून दाण्यांत चांगलं कालवा. वर ठेवलं की हुशार कुत्रा ते उचलतो, दाणे तसेच ठेवतो, आणि आठवड्याभरात तुम्हालाच शिकवतो की मी फक्त चिकन खातो.

सगळ्यात जास्त बिघडतं ते स्निग्धामुळे. कातडं, मटणाची चरबी, 'त्वचेला चांगलं' म्हणून चमचाभर तूप, यातून स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, पुढचे पाय खाली टेकून मागचा भाग वर उचलणं, अन्नाकडे न बघणं, असं दिसलं तर घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. इंदूरमध्ये खासगी दवाखाने आहेत, आणि महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही फार लांब नाही.

सगळंच घरचं करायचं असेल तर हे गणित लागू पडत नाही. चिकनच्या १०० ग्रॅम मांसात फॉस्फरस २०० मिलिग्रॅमच्या आसपास असतो आणि कॅल्शियम जेमतेम पंधरा. नुसत्या चिकन-भातावर वाढलेल्या पिल्लांची हाडं त्यामुळे वाकतात. त्यासाठी पशुवैद्याकडून वजनी आहार लिहून घ्या. अंड्याच्या टरफलाची पूड अंदाजानं टाकू नका. पिल्लू, गाभण कुत्री किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर दहा टक्क्यांसाठीही आधी विचारा.

एप्रिल-मे मध्ये कालवलेलं खाणं वीस मिनिटांत उचला. उरलं ते 'गीला', म्हणजे ओल्या कचऱ्यात. इंदूरकरांना डबा कुठला ते सांगायला नको.

महिन्यानं त्याला उचलून काट्यावर उभे राहा आणि त्यातून तुमचं वजन वजा करा. १२ चे १२.६ झाले असतील तर ताजं बंद करू नका, कोरडं आणखी १५ ग्रॅमनं कमी करा आणि दोन आठवड्यांनी पुन्हा वजन करा.