वाचकांचे प्रश्न: अग्नी-५ असताना अग्नी-प्राईम कशाला?

प्रश्न: नमस्कार सर. सप्टेंबर २०२५ मध्ये रेल्वेवरच्या लाँचरमधून अग्नी-प्राईम उडवलं त्याचा व्हिडिओ बघितला, छाती भरून आली. पण एक कळत नाही, आपल्याकडे ५००० किमीच्या वर जाणारं अग्नी-५ आहे, मग २००० किमीवालं नवीन कशाला बनवलं? मोठ्या मिसाईलनं जवळचं टार्गेट मारता येत नाही का? (एक वाचक, कराड)

उत्तर: मारता येतं, पण परवडत नाही. अग्नी-५ म्हणजे जवळपास ५० टनांचं, तीन टप्प्यांचं धूड. ते जवळ टाकायचं तर उगाच खूप उंच चढवावं लागतं, त्यात वेळ जातो, आणि मुळात ते चीनच्या आतल्या भागाचा विचार करून बनवलंय, ते असल्या कामाला अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. १००० ते ३००० किमी जाणाऱ्याला मध्यम पल्ल्याचं म्हणतात, अग्नी-प्राईम त्यातलं.

खरं उत्तर नकाशात आहे, जरा उघडून बघा. अग्नी-१ चा पल्ला ७०० किमी, म्हणजे पाकिस्तानातलं लांबचं ठिकाण गाठायचं तर लाँचर सीमेकडे नेऊन ठेवायला लागणार, जिथे समोरच्याची विमानं पहिल्या तासात पोचतात. आता नागपूरपासून क्वेटा मोजा, सरळ रेषेत साधारण दीड हजार किमी भरतं. पल्ला २००० झाला की लाँचर देशाच्या पोटात कुठेही ठेवता येतो, आणि आपलं धोरण (२००३ मध्ये जाहीर केलेलं) अण्वस्त्र आधी वापरायचं नाही असं आहे, म्हणजे पहिला घाव आपण सोसणार आणि त्यानंतर जे शिल्लक राहील त्यातून उत्तर देणार. तेव्हा मिसाईल किती लांब जातं यापेक्षा ते घाव पडल्यावर शिल्लक राहतं का हे मोठं. ट्रकवर, रेल्वेवर, सीलबंद कॅनिस्टरमध्ये (मिसाईल ठेवायची बंद नळी), हे सगळं त्यासाठीच चाललंय. हजारो किमीच्या रुळांवर नेमका तो एक डबा आज कुठे उभा आहे हे शोधणं सॅटेलाईटलाही सोपं नाही.

इंधनाचंही सांगतो, कारण तो भाग आपल्या पुण्याशी जोडलेला आहे. पाकिस्ताननं ६ एप्रिल १९९८ ला घौरीची टेस्ट केली, ते लिक्विड इंधनाचं, त्यात उडवायच्या आधी इंधन आणि ॲसिडसारखा जहाल ऑक्सिडायझर भरावा लागतो, टँकर उभे राहतात, वेळ जातो, वरून दिसतं. अग्नी-प्राईम घन इंधनाचं. पाषाणजवळच्या एचईएमआरएल या डीआरडीओच्या लॅबचं कामच हे. अमोनियम परक्लोरेट, ॲल्युमिनियमची पूड आणि एक रबरासारखा बाइंडर एकत्र घाटून मोटरच्या नळकांड्यात ओततात आणि गरम ठेवून कित्येक दिवस मुरू देतात. तयार झाल्यावर हाताला खोडरबरासारखं लागतं. मग एक्स-रे काढतात, कारण आत एक चीर जरी राहिली तरी त्या चिरेतही आग शिरते, जळणारा पृष्ठभाग वाढतो, दाब वाढतो आणि मोटर फुटू शकते. एवढं सगळं नीट झालं की ते वर्षानुवर्षं तयार राहतं, हुकूम आला की काही मिनिटांत सुटतं. हे काम करणाऱ्या लोकांची नावं कधी पेपरात येत नाहीत, मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे.

प्रश्न: १ ऑक्टोबर २०२४ ला इराणनं इस्रायलवर मिसाईलं सोडली तेव्हा बातम्यांत मिसाईल पोचायला १२ मिनिटं, १२ मिनिटं असं चाललं होतं. माझा मुलगा जैसलमेरला पोस्टेड आहे. आपल्याकडे किती मिनिटं मिळणार? (एक आई, सातारा)

उत्तर: ताई, त्या रात्री १८० च्या वर बॅलिस्टिक मिसाईलं सुटली, अंतर हजार किमीच्या वर, म्हणून तेवढा वेळ. हे मिसाईल पहिली दीड-दोन मिनिटंच इंजिनावर चालतं, नंतर फेकलेल्या दगडासारखं वातावरणाच्या बाहेरून जातं आणि प्रचंड वेगानं खाली येतं. दिल्ली ते इस्लामाबाद ७०० किमीसुद्धा नाही, म्हणजे तिथे बारा मिनिटंही नाहीत, निम्म्याच्या आसपास धरा. त्यात रडारवर दिसणं, खात्री करणं, वरपर्यंत कळवणं, सगळं आलं.

आणि मला काळजी नेमकी इथे वाटते. इराणनं टाकलेल्या मिसाईलवर साधी स्फोटकं होती, पण उडालेल्या मिसाईलच्या टोकाला काय आहे ते रडारला दिसत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्ताननं वेगळी रॉकेट फोर्स (मिसाईलं सांभाळणारं स्वतंत्र दल) जाहीर केली, आपल्याकडेही तशी मागणी होते. माझं स्पष्ट मत आहे की साध्या हल्ल्याची मिसाईलं आणि अणुहल्ल्याची मिसाईलं दिसायला, ठेवायला आणि कमांडला पूर्ण वेगळी असली पाहिजेत. आपलं प्रलय १५० ते ५०० किमीचं आणि साध्या स्फोटकांचं आहे, ते तसंच राहू दे, अग्नी त्यात मिसळू नये, नाहीतर समोरचा सहा मिनिटांत वाईटातलं वाईटच धरून चालणार.

९ मार्च २०२२ आठवतंय का? आपलं एक ब्रह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियां चन्नूजवळ पडलं. त्यावर वॉरहेड (टोकातली स्फोटकं) नव्हतं, कुणी मेलं नाही, दोन दिवसांनी आपण चूक मान्य केली आणि पुढे हवाईदलाच्या तीन अधिकाऱ्यांना सेवेतून काढलं. तो शांततेचा दिवस होता म्हणून निभावलं, तेच सीमेवर तणाव असताना झालं असतं तर काय, हा विचार करून मला अजून धडकी भरते.

२००५ चा एक करार आहे, त्याच्याबद्दल कुणी बोलत नाही. बॅलिस्टिक मिसाईलची टेस्ट करायची तर दोन्ही देशांनी एकमेकांना किमान ३ दिवस आधी कळवायचं, आणि टेस्ट सीमेपासून ४० किमीच्या आत करायची नाही. उरी, बालाकोट असं काय काय झालं तरी ही कळवाकळवी टिकून आहे. पण त्यात क्रूझ मिसाईल (विमानासारखं शेवटपर्यंत इंजिनावर, हवेतूनच जाणारं) येत नाही आणि ब्रह्मोस क्रूझ आहे. ते करारात आणलं पाहिजे, दोन्ही बाजूंनी.

तुमच्या मुलाला माझा नमस्कार सांगा.

प्रश्न: टेस्टच्या आधी बंगालच्या उपसागरात विमानांना बंदी कशी कळते? (एक विद्यार्थी, लातूर)

उत्तर: नोटॅम काढतात, वैमानिकांसाठीची सूचना, त्यात तारीख, वेळ आणि समुद्राचा पट्टा दिलेला असतो. पट्ट्याची लांबी मोजली की टेस्ट कुठल्या मिसाईलची असेल याचा अंदाज बांधता येतो, बरेच हौशी लोक तेच करत बसतात. आणि ओडिशातल्या चांदीपूरला टेस्ट असली की कधीकधी जवळच्या गावांतल्या लोकांना पहाटेच शेल्टरमध्ये नेतात, दिवसाचे पैसे देतात, आणि टेस्ट झाली की ते परत घरी येतात.