मोशे देवाला भेटायला अंधारात का शिरला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: देव म्हणजे प्रकाश आणि अंधार म्हणजे सैतानाचं राज्य, तर मग बायबलमधल्या निर्गम या पुस्तकात (20:21) 'जिथे देव होता त्या निबिड अंधाराजवळ मोशे गेला' असं का लिहिलंय? भाषांतर चुकलंय का?

भाषांतर बरोबर आहे. मोशे म्हणजे इस्राएली लोकांना मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर काढणारा पुढारी. मूळ हिब्रूत तिथे 'अराफेल' हा शब्द आहे. दाट, काळा, ढगासारखा अंधार. मी ख्रिस्ती घरात वाढलो. उजेड देवाचा आणि अंधार सैतानाचा, हे संडेस्कूलपासून माझ्याही डोक्यात पक्कं होतं. मोठेपणी हिब्रू शिकायला घेतलं, शब्दकोश शेजारी ठेवून एकेक वचन वाचत या ओळीपाशी आलो आणि त्या दिवशी पुढे वाचवेना.

आधी एक गोष्ट वेगळी काढू. 'देव प्रकाश आहे' हे वाक्य योहानाच्या पहिल्या पत्रातलं, म्हणजे नव्या करारातलं आहे. हिब्रू शास्त्रात, म्हणजे जुन्या करारात, ते अशा रूपात सापडत नाही. तिथे 'परमेश्वर माझा प्रकाश' आहे (स्तोत्र 27), 'मी अंधारात बसलो तरी परमेश्वर मला प्रकाश होईल' आहे (मीखा 7), 'परमेश्वर तुझा सर्वकाळचा प्रकाश होईल' आहे (यशया 60). दर वेळी तो प्रकाश कुणाचा तरी असतो, कुणासाठी तरी असतो. देव स्वतः कशाचा बनलेला आहे, हे ही वचनं सांगत नाहीत. आणि सैतान? ईयोबाच्या पुस्तकात तो देवाच्या दरबारात उभा राहून आरोप करतो, पण अंधाराचा राजा म्हणून तो हिब्रू शास्त्रात कुठेही येत नाही.

आता उत्पत्तीचा पहिला अध्याय. देव 'प्रकाश होवो' म्हणतो त्याच्या आधीच खोल पाण्यावर अंधार आहे. देव त्याच्याशी लढत नाही, त्याला हाकलूनही देत नाही. प्रकाश वेगळा करतो आणि दोघांना नावं देतो, दिवस आणि रात्र. चांगलं म्हटलंय ते फक्त प्रकाशाला, हे खरं. पण अंधाराला वाईटही म्हटलेलं नाही. शिवाय सूर्यचंद्र येतात चौथ्या दिवशी, म्हणजे पहिल्या दिवसाचा उजेड सूर्याचा नव्हेच. आणि हिशोब कसा, तर 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली, पहिला दिवस'. दिवस अंधारापासून सुरू होतो. म्हणून यहुद्यांचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो. आपल्या कोकणात तेलाचे घाणे चालवणारे बेने इस्राएल यहुदी शनिवारी घाणा बंद ठेवायचे, त्यावरून त्यांना 'शनवार तेली' म्हणत. तो शनिवारही आदल्या संध्याकाळीच लागायचा.

यशया 45:7 याच्याही पुढे जातं. तिथे देव म्हणतो, मी प्रकाश घडवतो आणि अंधार निर्माण करतो, शांती देतो आणि अरिष्ट निर्माण करतो. 'घडवतो' साठी 'योत्सेर' आहे. हिब्रूत कुंभारालाही हाच शब्द. अंधारासाठी मात्र 'बोरे' आहे, उत्पत्तीच्या पहिल्याच वचनात देवाने आकाश आणि पृथ्वी उत्पन्न केली तिथलं क्रियापद. या अर्थाने ते हिब्रू शास्त्रात देवाखेरीज कुणासाठीच वापरत नाहीत. हा अध्याय पारसच्या (इराणच्या) कोरेश राजाला उद्देशून आहे, ज्याने इ.स.पू. 539 मध्ये बाबेल (बॅबिलोन) घेतलं. त्यामुळे पुष्कळ जण या वचनात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती मानणाऱ्या इराणी विचाराला दिलेलं उत्तर पाहतात. खुद्द कोरेशाचा धर्म कोणता, यावरच वाद आहेत, म्हणून मी त्यावर फार भार देत नाही. मला जास्त मोलाचं वाटतं ते यहुद्यांनी या वचनाचं पुढे काय केलं ते. त्यांच्या सकाळच्या प्रार्थनेत हे वचन रोज म्हणतात, फक्त शेवटचा 'अरिष्ट' हा शब्द बदलून तिथे 'सर्व काही' म्हणतात. अरिष्ट निर्माण करणारा देव, हे रोज सकाळी उच्चारणं जड गेलं असावं. अंधाराला मात्र त्यांनी हात लावला नाही. तो देवाच्या निर्मितीत आजही रोज म्हटला जातो.

शलमोनाचं मंदिर पाहा. परमपवित्रस्थान, म्हणजे सर्वांत आतली खोली, वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच. त्याच्या बाहेर सोन्याचे दहा दीपवृक्ष, पाच उजवीकडे, पाच डावीकडे. आत दिव्याचा उल्लेखच नाही. आपल्या गाभाऱ्यात निदान नंदादीप तेवत असतो. कराराचा कोश, म्हणजे देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेली पेटी, आत ठेवल्यावर ढगाने मंदिर असं भरलं की याजकांना उभं राहवेना. तेव्हा शलमोन म्हणाला, मी अराफेलात राहीन असं परमेश्वराने म्हटलं आहे (1 राजे 8:12). तोच शब्द. स्तोत्र 104 मध्ये देव प्रकाश अंगावर पांघरतो, स्तोत्र 18 मध्ये अंधाराला आपला आडोसा करतो. दोन्ही त्याचंच. आडोसा कुणासाठी, याचं उत्तर निर्गम 33 मध्ये आहे: मला पाहून मनुष्य जिवंत राहणार नाही. प्रायश्चित्ताच्या दिवशी प्रमुख याजक आत जायचा तोही धुपाचा धूर करून, मरू नये म्हणून. माझ्या समजुतीप्रमाणे तो अंधार माणसाची काळजी घेणारा आहे.

पण म्हणून अंधाराला गोड करून घेऊ नका. मिसरावर तीन दिवस पडलेला अंधार हाताला लागेल इतका दाट होता आणि ती शिक्षा होती. परमेश्वराच्या दिवसाची वाट पाहणाऱ्यांना आमोस संदेष्टा बजावतो की तो दिवस प्रकाश नसून अंधार असेल. सफन्या हा दुसरा संदेष्टा त्याच दिवसाचं वर्णन करताना 'अराफेल' हाच शब्द वापरतो. अमुक शब्द भला आणि तमुक वाईट, अशी वाटणी मीही करून पाहिली होती. ती टिकत नाही.

निर्गम 20:21 पूर्ण वाचा. सीनाय डोंगरापाशी लोक विजांना आणि धुराला घाबरून दूर उभे राहिले आणि मोशे एकटा अंधाराजवळ गेला. मग थेट 34 वा अध्याय काढा. मोशे डोंगरावरून उतरतो तेव्हा त्याच्या चेहऱ्याचं कातडं तेजाने झळकत असतं आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. तेच लोक आता त्या उजेडाला घाबरून त्याच्याजवळ यायला धजत नाहीत. त्यांच्याशी बोलून झाल्यावर मोशे तोंडावर पडदा घेतो.