वहिनी ड्यूटीवर असताना घर सांभाळताना

भाऊ, मुलांच्या उठण्या-झोपण्याच्या वेळा वहिनी असताना होत्या त्याच ठेवा. खरी कसरत पाण्याची. सोलापुरात नळ काही दिवसांआड येतो. पाणी येण्याचा पुढचा दिवस कॅलेंडरवर लिहा, आधी प्यायचं भरा, मग टाकी. साठवणीची भांडी आठवड्यातून एकदा घासून कोरडी करा, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

ज्वारी पंधरा दिवसांपुरतीच दळा. जुन्या पिठाची विरी म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते. तशी वेळ आलीच तर उकळतं पाणी घालून मळा. घाईच्या दिवसासाठी कडक भाकरी, शेंगाचटणी घरात हवीच.

वहिनींच्या फोनची वेळ मुलांना पक्की सांगू नका. रेंज नसली की ती रात्रभर वाट बघतात.