रात्री ठणकणारी दाढ: नस जिवंत ठेवता येते का, की रूट कॅनलच करावं लागतं?

वय 36, खालची दाढ, थंड पाणी लागलं की उठलेली कळ लवकर जात नाही, रात्री ठणका, आणि डॉक्टर म्हणतात ‘नस गेली, रूट कॅनल करा’. तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी नस गेलेली दिसत नाही. मेलेल्या नसेला थंड कळत नाही. तुमची सुजलीय, आणि बहुतेक वेळा सूज किडीच्या जवळच्या, म्हणजे वरच्या भागात असते. खाली मुळांमधली नस धड असू शकते.

मी गोव्यात फोंड्याला दातांची डॉक्टर आहे. एरवी असल्या प्रश्नांना उत्तरं देत बसत नाही, पण याच गोष्टीवरून माझं एका सरांशी वाजलं होतं. शिक्षण संपल्यावर मी किनाऱ्याकडच्या एका क्लिनिकात नोकरी करायचे. तिथे निम्मे पेशंट विदेशी, सुट्टीला आले की दातांचं कामही उरकून जायचे. त्यांना रूट कॅनल आणि कॅप, हे ठीकच. परतीचं विमान ठरलेलं, सहा महिन्यांनी एक्स-रे काढायला कोण येणार? पण सर तोच नियम पेडण्या-डिचोलीच्या, म्हणजे इथल्याच माणसांनाही लावायचे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, तोंडावर आलेली. घुमट आरतीच्या पथकातला एक जण गाल धरून आला. “बाय, काडून उडय ती,” (काढून टाक ती) एवढंच म्हणाला. कुणीतरी त्याला अँटिबायोटिकचा कोर्स दिला होता. या दुखण्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो, तरी सर्रास देतात. थंडाची टेस्ट केली तर जागेवरून उडाला. एक्स-रेत कीड खोल, पण मुळांची टोकं स्वच्छ. सर त्या दिवशी नव्हते. मी त्याला रूट कॅनल आणि मुळांतली नस वाचवणं, असे दोन्ही पर्याय सांगितले, तो म्हणाला कर तुला काय ते.

रबर डॅम (थुंकी दाताला लागू नये म्हणून ताणलेला रबरी पडदा) लावून कीड काढली, नस उघडी पडली. मग वरच्या पोकळीतली नस पूर्ण काढून टाकली, मुळांतली ठेवली. यालाच पल्पोटोमी म्हणतात. खरा निकाल इथे लागतो. मुळांच्या तोंडाशी लालभडक रक्त आलं. हायपोक्लोराइटमध्ये (जंतुनाशक द्रावण) भिजवलेला बोळा धरला, पाचेक मिनिटांत थांबलं. थांबलं नसतं, किंवा एखाद्या मुळातून रक्तच आलं नसतं, तर मी मुकाट्याने रूट कॅनलच सुरू केलं असतं. वर बायोडेन्टिन, म्हणजे नस झाकायचं सिमेंट, घातलं, ते घट्ट झाल्यावर त्याच बैठकीत पक्कं फिलिंग केलं. फिलिंग ‘पुढच्या वेळी’वर ढकललं की जंतू आत शिरतात आणि सगळं मुसळ केरात. गड्याने चवथीला आरत्या म्हटल्या. मी फोंड्याला आल्यावरही तो पेडण्याहून एक्स-रेला येत राहिला, टोकं अजून स्वच्छ आहेत.

सरांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या स्टाफसमोर मला झापलं. “पल्पोटोमी पोरांच्या दुधाच्या दातात करतात. मोठ्याला ठणका लागला की नस संपली.” मी 1965 चा उंदरांवरचा प्रयोग काढला: जंतूविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या नसा उघड्या ठेवल्या, त्यात अन्न अडकलं, तरी नस जगली आणि तिने वर नवं डेंटिन (दाताचा आतला कठीण थर) बांधलं. साध्या उंदरांची कुजली. म्हणजे शत्रू जंतू आहेत, नस उघडी पडणं नव्हे. सर म्हणाले, “आपले पेशंट उंदीर नव्हेत.” सगळे हसले. मला अजून राग आहे.

सरांच्या उमेदीच्या काळात उघड्या नसेवर घालायला हाताशी फक्त कॅल्शियम हायड्रॉक्साइड होतं. त्याच्याखाली तयार होणाऱ्या डेंटिनला भोकं राहतात, औषध हळूहळू विरघळतं, आणि दाढ परत दुखते. त्यांनी तसे दात पाहिले असणार. पण 1993 साली कॅलिफोर्नियात तोराबिनेजाद यांनी एमटीए हे नस झाकायचं सिमेंट आणलं, नंतर बायोडेन्टिन आलं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या एंडोडॉन्टिस्टांच्या, म्हणजे रूट कॅनल तज्ज्ञांच्या, संघटनेनेही लिहून दिलं की अशी लक्षणं आहेत म्हणून रूट कॅनलच केलं पाहिजे असं नाही. तरीही रूट कॅनल अधिक कॅपचं बिल काही डॉक्टरांना सोडवत नाही, हे मी इथे उघड लिहिते.

तेव्हा डॉक्टरांना सरळ विचारा: उघडल्यावर रक्त थांबलं तर पल्पोटोमी कराल का? ‘मोठ्यांत होत नाही’ असं उत्तर आलं तर दुसरीकडे दाखवा. गोव्यात असाल तर बांबोळीच्या डेंटल कॉलेजात कॉन्झर्वेटिव्हच्या (दात वाचवणाऱ्या विभागाच्या) ओपीडीला जा. खर्चाचा आकडा मी इथे देणार नाही, दाढ पाहिल्याशिवाय तो खोटाच असतो.

हो, आणि हिरडीला सूज किंवा पू असेल, दाढ हलत असेल, थंड लागणंच बंद झालं असेल, किंवा फिलिंग धरायला दातच उरला नसेल, तर माझं वरचं सगळं विसरा. पल्पोटोमी न दुखताही फसते, म्हणून सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक्स-रे काढायलाच हवा. सरांचा एक मुद्दा मात्र मी मान्य करते: नंतर रूट कॅनलची वेळ आलीच, तर मुळांच्या नळ्या आतून बुजत आलेल्या सापडू शकतात आणि काम अवघड जातं. पण तेवढ्यासाठी आज जिवंत नस उपटायची, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.