उघडून बघण्याआधी : वाचकांचे प्रश्न आणि आमची खुडबुड

मागच्या महिन्यात टेबलावर एकाच वेळी तीन लॅपटॉप उघडे पडले होते आणि त्यातल्या एकाचा एक स्क्रू अजून सापडलेला नाहीये, त्यामुळे उत्तरांना उशीर झाला, माफ करा. पत्रं बरीच होती, त्यातली सहा घेतली.

माझा लॅपटॉप २०१६ चा आहे, आय३ पाचवी जनरेशन, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क. चालू केला की चहा टाकून, उकळून, पिऊन होतो तरी डेस्कटॉप येत नाही. दुकानदार म्हणतो ह्यात आता काही राम नाही, नवीन घ्या. मुलगी यंदा अकरावीला आहे, तिच्यासाठी हवाय. ह्याच्यात पैसे घालू का?
– एक पालक, नाशिक

राम आहे हो, रॅम कमी आहे. आणि खरं सांगायचं तर रॅमपण नंतरची गोष्ट. आधी एक फुकटचं काम करा, लॅपटॉप चालू झाल्या झाल्या टास्क मॅनेजर, म्हणजे कुठला भाग किती राबतोय ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडा आणि डिस्कचा आकडा बघा. तो १०० टक्क्यांवर चिकटून बसलाय आणि सीपीयू म्हणजे प्रोसेसर मात्र पंधरा-वीस टक्क्यांवर आरामात आहे असं दिसलं तर चोर सापडला, तो म्हणजे हार्ड डिस्क. तिच्यात तबकडी फिरते आणि तिच्यावरून एक बारीक हात पुढे-मागे पळतो. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर सेकंदाला शंभरेक एमबी ती देतेही, पण विंडोज सुरू होताना हजारो चिल्लर फाइली इकडच्या तिकडच्या लागतात, तिथे हा हात धावून धावून दमतो आणि वेग एक-दोन एमबीवर येतो, कधी त्याच्याही खाली. तिच्या जागी एसएसडी बसवा, म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क, तिच्यात फिरणारं काहीच नाही म्हणून फरक इतका जाणवतो. साधी साटा एसएसडी, म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीवर बसणारी, सलग वाचताना ५५० एमबीपर्यंत जाते, पण तुम्हाला सुख मिळणार ते त्या चिल्लर फाइलींमुळेच.

घेताना अडीच इंची साटा घ्या, २५६ जीबी भरपूर झाली. दुकानात कोणी "सर, एनव्हीएमई घ्या, अजून फास्ट" म्हणेल, त्याला नमस्कार करा, कारण त्या काळातल्या बऱ्याच लॅपटॉपना एनव्हीएमई एसएसडीला लागणारा वेगळा स्लॉटच नसतो, आणि कधी कधी स्लॉट असतो पण त्यात साटावालीच चालते. खालच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर नेटवर टाकला की पाच मिनिटांत कळतं. जुनी डिस्क फेकू नका, यूएसबी केसिंगमध्ये घाला, फोटो ठेवायला कामाला येते. आणि हो, काहीही उघडण्याआधी बॅकअप. तो न घेता उघडलात तर मला पत्र लिहू नका.

मग रॅम. तुमच्या प्रोसेसरला डीडीआर३एल प्रकारची रॅम लागते, १.३५ व्होल्टवाली. साध्या डीडीआर३ ची १.५ व्होल्टवाली पट्टी स्लॉटमध्ये छान बसते आणि मग स्क्रीन काळी ती काळीच. डीडीआर४ तर बसतच नाही, पट्टीवरची खाच वेगळ्या जागी असते, तेव्हा जोर लावू नका. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात स्लॉट किती आणि कशात काय ते दिसतं. त्यापेक्षा सोपं म्हणजे जुनी पट्टी काढून खिशात घालून जायचं, पुण्याची तपकीर गल्ली असो नाहीतर मुंबईचा लॅमिंग्टन रोड, हिच्यासारखीच द्या म्हणायचं.

उघडताना शटडाऊन, चार्जर बाहेर, बॅटरी बाहेरची असेल तर काढा, आतली असेल तर झाकण निघाल्यावर पहिलं काम तिचा कनेक्टर सोडवणं. स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. मी एकदा मित्राच्या लॅपटॉपला मागच्या कडेचा लांब स्क्रू पुढच्या भोकात लावला, घट्ट बसेना म्हणून अजून पिळला, आणि उलटा करून बघतो तर टचपॅडशेजारी प्लॅस्टिकवर छान टेंगूळ आलेलं! मित्र अजून तो लॅपटॉप वापरतो आणि मी दिसलो की त्या टेंगळावरून बोट फिरवतो. तेव्हापासून मी फ्रीजमधला बर्फाचा ट्रे घेतो, एका कप्प्यात एका जागेचे स्क्रू, शिवाय प्रत्येक टप्प्याला मोबाईलवर फोटो. कीबोर्डची चपटी पट्टी दिसली तर ओढायची नाही, तिला एक नखाएवढं लॉक असतं ते नखानंच उचलायचं, ते तुटलं की मग बसा चिकटपट्ट्या लावत.

आता विंडोज. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढे, म्हणजे तुमचा बसत नाही. जुगाड करून टाकतात लोक, पण मुलीच्या अभ्यासाच्या मशीनवर मी नाही करणार. विंडोजऐवजी वापरायचं लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल न करता चालवून बघता येतं, तिला टायपिंग, ब्राउझर आणि व्हिडिओ एवढंच लागत असेल तर चार दिवसांत हात बसेल. पण कॉलेजनं विंडोजवरच चालणारं एखादं सॉफ्टवेअर सांगितलं असेल तर मात्र आधी ते विचारा, मगच खर्च करा.

दादा, मेटल बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना मनगट टेकवलं की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर तोही मिणमिणता पेटतो! ऑफिसमध्ये असं होत नाही, भाड्याच्या फ्लॅटवरच होतं. लॅपटॉप खराब आहे का?
– एक वाचक, पुणे

लॅपटॉपवर उगाच संशय घेऊ नका, ऑफिसात होत नाही हे तुम्ही स्वतःच लिहिलंय आणि उत्तर त्यातच आहे. चार्जरमध्ये २३० व्होल्टची बाजू आणि लॅपटॉपची बाजू ह्यांच्यामध्ये एक छोटा कपॅसिटर मुद्दाम लावलेला असतो, वाय कपॅसिटर म्हणतात, खरखर म्हणजे नॉइज दाबायला. त्यातून थोडासा करंट लॅपटॉपच्या बाजूला झिरपतो, चांगल्या कंपनीच्या चार्जरमध्ये एक मिलीअँपच्याही खाली, पण तेवढाही मनगटाच्या मऊ कातडीला कळतो. बॉडी आणि जमीन ह्यांच्यामध्ये मल्टिमीटर लावलात तर शंभराच्या आसपास व्होल्ट दाखवेल आणि तुमची घाबरगुंडी उडेल, पण त्या आकड्यामागे दम नसतो, मीटर फारच थोडा करंट ओढतो म्हणून आकडा मोठा दिसतो. थ्री पिन चार्जर असेल आणि अर्थिंग खरं असेल तर हे सगळं गुपचूप जमिनीत जातं. मात्र लोकल, स्वस्तातला चार्जर असेल तर माझं हे सगळं बोलणं रद्द, तो आधी बदला, त्यात तो कपॅसिटर कुठल्या लायकीचा असेल काही सांगता येत नाही.

आता खरा प्रश्न, तुमच्या फ्लॅटवर अर्थिंग आहे का. सॉकेटला तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, आपल्याकडे वरचं मोठं भोक कित्येक ठिकाणी नुसतं शोभेला असतं, मागे वायरच नाही. आणि आधी तुमचा एक्स्टेन्शन बोर्ड बघा, थ्री पिनला टू पिन करणारा तो छोटा कन्व्हर्टर लावलाय का? लावला असेल तर शोध तिथेच संपला, तो काढून चार्जर सरळ भिंतीत लावून बघा.

तरी झिणझिण्या आल्या तर वायरमनला बोलवा आणि त्याच्यासमोर मीटरनं बघा. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थसुद्धा जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्ट, असं आलं तर बरं. फेज-अर्थ भलतंच कमी किंवा सारखं वर-खाली होत असेल तर अर्थ हवेत आहे. एवढ्याशा मापावरून अर्थिंग शंभर टक्के चांगलं ठरत नाही, पण नाहीच आहे हे मात्र कळतं. मेन स्विच बोर्डात हात घालायचं काम त्याचं, तुमचं नाही, आणि तो "न्यूट्रललाच जोडून देतो की साहेब" म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा. न्यूट्रल कुठे तुटला तर तुमच्या लॅपटॉपची, फ्रीजची, गीझरची सगळ्यांची बॉडी थेट फेजला येते. नळाच्या पाइपला जोडायची जुनी युक्तीपण नको, पाइप आता प्लॅस्टिकचे आहेत. घरमालकाला सांगताना लॅपटॉपचं नाव काढू नका, गीझरचं काढा, लगेच खर्च करेल.

फोन पावसात चिंब भिजला, आईनं लगेच तांदळाच्या डब्यात ठेवला. दोन दिवस झाले, चार्ज होत नाहीये. अजून किती दिवस ठेवू?
– एक वाचक, चिपळूण

काढा आधी. तांदूळ आतलं पाणी ओढून घेत नाही, उलट त्याची पूड आणि कण चार्जिंगच्या भोकात जाऊन बसतात, ॲपलनंसुद्धा २०२४ मध्ये आयफोनवाल्यांना तांदळाच्या पिशवीत ठेवू नका असं सांगितलं. बंद करायचा, कव्हर-सिम काढायचं, चार्जिंगचं तोंड खाली करून तळहातावर हलकेच आपटायचं, आणि पंख्याखाली ठेवायचा. हेअर ड्रायर नको. चार्जिंगला लावायची घाई तर अजिबात नको, पाणी आणि करंट एकत्र आले की पिना गंजून हिरव्या पडतात. तुमच्या बाबतीत दोन दिवस झालेत, तर चार्जिंगच्या भोकात टॉर्च मारून बघा, तांदळाचा कण दिसला तर फोन बंद करून लाकडी टूथपिकनं अलगद काढा. पिना हिरवट दिसल्या तर दुरुस्तीवाल्याकडे, तो बोर्ड खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतो. समुद्राच्या पाण्यात पडला असता तर मी वाळवायचंसुद्धा सांगितलं नसतं, थेट दुकानात. तांदूळ भातासाठी ठेवा, आईला माझा नमस्कार.

लॅपटॉपचा टचपॅड वर आलाय, क्लिक होत नाही. उघडून बघितलं तर बॅटरी पुरीसारखी फुगलेली. एका व्हिडिओत सुईनं भोक पाडून हवा काढताना दाखवलंय. करू का?
– इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, कोल्हापूर

नको! अरे बाबा, सुई खाली ठेव आणि मग पुढचं वाच. आत जो गॅस आहे तो जळणारा असू शकतो, आणि सुई आत गेली की आतले थर एकमेकांना शॉर्ट होतात, मग जे पेटतं ते पाण्याच्या तांब्यानं सहज विझत नाही. मी बरंच काही घरी करायला सांगत असतो पण इथे माझी हद्द संपते.

चार्जर काढ, लॅपटॉप बंद कर. बॅटरी स्क्रूवर असेल आणि सहज निघत असेल तर कनेक्टर सोडवून काढ, खालून डिंकानं चिकटवलेली असेल तर पट्टीनं-चमच्यानं उचकटू नकोस, तशीच दुकानात ने. काढलेली बॅटरी पडद्यापासून, गादीपासून लांब, फरशीवर वाळूच्या घमेल्यात ठेव आणि सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्यांकडे दे, घंटागाडीत टाकायची नाही, तिथे कचरा दाबतात. बहुतेक लॅपटॉप बॅटरी नसताना नुसत्या चार्जरवर चालतात, काही जरा हळू चालतात, तेव्हा सबमिशन अडणार नाही, फक्त लाईट गेली की सगळं गेलं म्हणून सेव्ह करत राहा.

नवीन घेताना लॅपटॉपच्या नावावर नाही, बॅटरीवरच्या पार्ट नंबरवर घे. आणि हॉस्टेलवर चोवीस तास चार्जिंगला, तोही गादीवर ठेवून वापरत असशील तर नवीनपण फुगेल, पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता हे जोडपं वाईट. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानांत, किंवा कंपनीच्या ॲपमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर ती लाव.

दुकानातला कॉम्प्युटर रोज सकाळी जुनी तारीख दाखवतो, एफ१ दाबा म्हणतो, आणि नेटवर कुठलीही साइट उघडली की "कनेक्शन सुरक्षित नाही". व्हायरस आहे का?
– एक दुकानदार, लातूर

व्हायरस नाही, बटणासारखा सेल संपलाय. सीआर२०३२, ३ व्होल्ट, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळतो. रात्री तुम्ही मेन स्विच बंद करता, मग कॉम्प्युटरचं घड्याळ ह्याच सेलवर चालतं. तारीख मागे गेली की वेबसाइटचं सर्टिफिकेट, म्हणजे तिच्या खरेपणाचा तारीख घातलेला दाखला, अजून सुरूच झालेलं नाही असं ब्राउझरला वाटतं, म्हणून ती बोंब. बदलण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो काढून ठेवा, कारण सेटिंग मूळपदावर गेलं आणि साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, बदलला तर विंडोज निळी स्क्रीन दाखवेल आणि तुम्ही माझ्या नावानं शंख कराल. प्लग काढा, सेल बदला, लिहिलेली बाजू वर. तारीख घाला आणि साटाचा मोड फोटोत होता तोच ठेवा.

टीव्हीचा रिमोट चालत नाही. नवीन सेल घातले तरी नाही. नातू म्हणतो टीव्हीच बिघडलाय, नवा मोठा घेऊ. खरं आहे का?
– एक आजी, सांगली

आजी, नातू हुशार आहे, त्याला नवा टीव्ही पाहिजे! त्याचाच मोबाईल घ्या, सेल्फीचा कॅमेरा चालू करा, रिमोटचं पुढचं टोक त्याच्याकडे धरून बटण दाबा. डोळ्याला न दिसणारा उजेड कॅमेऱ्याला दिसतो, स्क्रीनवर जांभळट ठिपका लुकलुकला तर रिमोट ठीक आहे. मागच्या कॅमेऱ्यात कधी कधी दिसत नाही, तिथे तो उजेड अडवणारी काच असते, म्हणून सेल्फीचाच. ठिपका नसेल तर सेलच्या कप्प्यातली स्प्रिंग बघा, पांढरट-हिरवं काही साचलं असेल तर कापसाला थोडं व्हिनेगर लावून पुसा, नीट वाळू द्या, मग सेल घाला. एक-दोनच बटणं अडत असतील तर आतलं रबर झिजलंय, तेवढ्यासाठी तसलाच दुसरा रिमोट आणा, टीव्ही नाही.

आणि रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळून वर रबर लावलं असेल तर ते पुढच्या टोकावर आलंय का तेही बघा.