उन्हातून घरात येताच दिसेनासे का होते?

प्रश्न : मे महिन्यात सीताबर्डीच्या उन्हातून घरात शिरल्यावर काही वेळ काहीच का दिसत नाही? – एक वाचक, नागपूर

उत्तर : डोळ्याची बाहुली काही सेकंदांतच रुंदावते, परंतु तिचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाला, तरी आत येणारा प्रकाश फार तर १६ पट वाढतो आणि ऊन व घरातील उजेड यांतील तफावत त्याहून कितीतरी मोठी असते. खरे काम दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतील मागच्या पडद्यावर, चालते. तेथील उजेडात पाहणाऱ्या शंकुपेशी लवकर सावरतात. मंद प्रकाशात पाहणाऱ्या दंडपेशींतील ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश टिपणारे रंगद्रव्य मात्र उन्हात विघटित झालेले असते आणि ते पुरेसे पुन्हा तयार होण्यास अर्धा तास किंवा अधिक वेळ लागतो. त्यासाठी ‘अ’ जीवनसत्त्व लागते; ते कमी पडल्यास मंद प्रकाशात दिसेनासे होते. म्हणून मुलाला तिन्हीसांजेनंतर दिसत नसेल, तर नेत्रतज्ज्ञांकडे नेण्यास कृपया विलंब करू नये.